मेनूकार्ड न बघता प्यायलेली पाच कॉकटेल्स: २६,९६५ रुपये

डेटिंग अ‍ॅपवरची ओळख, 'माझ्या घराजवळच एक मस्त पब आहे', मग अव्वाच्या सव्वा बिल, आणि ती बाई पबवाल्यांचीच. हा प्रकार तुम्हाला माहीत असणार. मलाही माहीत होता. बँकेत एकोणीस वर्षं नोकरी करतोय, लोकांना ओटीपी देऊ नका म्हणून बजावणारा माणूस मी. 'एवढंही कळलं नाही?' हे बहिणीकडून ऐकून झालंय, तुम्ही नका विचारू.

मुंबईच्या पश्चिम उपनगरातली जागा. विटांच्या भिंती, पिवळे दिवे, सगळं टापटीप. प्रत्येक टेबलावर एक बाई आणि समोर एक अवघडून बसलेला पुरुष, हे आता आठवतं.

ती बसता बसता वेटरला म्हणाली, "नेहमीचं." आणि त्याने मान डोलावली. पाच मिनिटांपूर्वी तीच मला सांगत होती की इथे एकदाच आलेय! मी मेनू मागितला, तर म्हणे क्यूआर स्कॅन करा. तेव्हा माझं नेट चालेना. छापील कार्ड 'छपाईला गेलंय'. तिथेच उठायचं होतं. नाही उठलो. घटस्फोटानंतर पहिल्यांदा कुणाला तरी भेटत होतो, पहिल्याच भेटीत भाव विचारणारा कंजूष कसा दिसू?

चाळीस मिनिटांत तिला 'आईचा फोन' आला आणि ती गेली. बिल माझ्यासमोर: कॉकटेल्स ५, प्रत्येकी ३,९००, म्हणजे १९,५००. स्लायडर्स, म्हणजे छोटे बर्गर, १,८५०, ट्रफल फ्राइज १,२५०. सर्व्हिस चार्ज २,२६०, जीएसटी १५५, व्हॅट १,९५०. एका कॉकटेलमध्ये लार्ज पेग, ६० मिली धरली तरी पाचांत ३०० मिली दारू, अर्धी बाटलीसुद्धा नाही. माझ्या ग्लासात तर तेवढीही नव्हती, निव्वळ सरबत.

धमकी कुणी दिली नाही. दोन बाउन्सर नुसते खुर्चीमागे येऊन उभे राहिले. २०,००० यूपीआयने, ६,९६५ कार्डाने भरले. यूपीआयवर पबचं नाव नव्हतंच, कुठलेसे 'ट्रेडर्स' होते. पिन टाकण्याआधी ते नाव वाचा. मी वाचलं, आणि तरी टाकला. दाराकडे जाण्याआधी पोलिसांचा ११२ लावता आला असता, तेही सुचलं नाही.

पोलीस ठाण्यात हवालदार बिल बघून हसला. "प्यायलात तुम्ही, पैसे दिलेत तुम्ही. यात फसवणूक कुठे?" मग म्हणे आमची हद्द नाही. दुसऱ्या ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या फेरीला 'सिव्हिल मॅटर'. चारसोबीसचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, आणि हद्दीचं कारण न देता झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, घ्यायचा असतो, हे मी त्यांना सांगायचं! सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला तर, पिन तुम्हीच टाकलात ना? उत्पादन शुल्कवाले म्हणाले, दर आमच्या अखत्यारीत येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न मात्र आपुलकीने: "बाई दिसायला कशी होती?"

बिलाचा फोटो तिथल्या तिथे काढा, ते परत मागून घेतात. भेटायची जागा तुम्ही ठरवा.

शेवटी ग्राहक हेल्पलाइन, १९१५. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, ४ जुलै २०२२ चे नियम आहेत आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेवढ्यावर पब नमला. २,२६० परत द्यायला तयार आहेत. बाकीचं, त्यांनी लेखी कळवलंय, 'ग्राहकाने स्वतःच्या पसंतीने मागवले होते'.