ई-६बी चकती : नॉट आणि किलोमीटरच्या हिशेबासाठी आजही घ्यावी अशी वस्तू

वैमानिकांच्या प्रशिक्षणात ‘फ्लाइट कॉम्प्युटर’ या नावाने वापरली जाणारी ई-६बी ही मुळात एक चक्राकार स्लाइड रूल, म्हणजे आकड्यांच्या पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार-भागाकार करण्याचे साधन आहे. फिलिप डाल्टन या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात तिची रचना केली आणि दुसऱ्या महायुद्धात ती वैमानिकांच्या हातात सर्वत्र दिसू लागली. तिच्या मागच्या बाजूला वाऱ्याचा त्रिकोण (वाऱ्यामुळे विमानाच्या वेगात आणि दिशेत पडणारा फरक) सोडवण्याची सरकपट्टी असते आणि पुढच्या बाजूने इंधन, वेळ, अंतर, उंची असे अनेक हिशेब होतात. त्या सगळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या परीक्षणात मी तिच्याकडे एकाच कामासाठी पाहिले आहे : नॉट (तासाला एक सागरी मैल), ताशी किलोमीटर आणि सेकंदाला मीटर या तीन एककांमध्ये वेगाची अदलाबदल. हे काम आज फोनवर क्षणात होत असताना अशी चकती विकत घ्यावी का, हा प्रश्न रास्त आहे, आणि विमान, शिडाची होडी किंवा हवामानाच्या नोंदी यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांनी ती घ्यावी, असे माझे मत आहे.

आधी चकतीवर मुद्दाम छापलेल्या खुणांविषयी. मी वापरत असलेल्या नमुन्यात बाहेरच्या स्थिर पट्टीवर ६६च्या जवळ सागरी मैलाचा, ७६च्या जवळ जमिनीवरच्या मैलाचा आणि १२२च्या जवळ किलोमीटरचा बाण आहे. आतल्या फिरत्या चकतीवरचा १२ हा आकडा सागरी मैलाच्या बाणाखाली आणला की किलोमीटरच्या बाणाखाली २२.२ वाचता येते. म्हणजे १२ नॉट म्हणजे ताशी २२.२ किलोमीटर, आणि १२० नॉट असतील तर २२२. बाण अंतराच्या एककांचे असले तरी वेगाला ते जसेच्या तसे चालतात, कारण नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल आणि तास दोन्हीकडे सारखाच असतो. १९२९ साली मोनाको येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेने सागरी मैल नेमका १८५२ मीटरचा ठरवला, त्यामुळे एक नॉट म्हणजे ताशी बरोबर १.८५२ किलोमीटर. विकत घेताना ही चाचणी अवश्य करावी : १० हा आकडा सागरी मैलाच्या बाणाखाली ठेवावा आणि किलोमीटरच्या बाणाखाली साडेअठरापेक्षा किंचित जास्त, जमिनीवरच्या मैलाखाली साडेअकरा दिसते का ते पाहावे. ज्या प्रतीत हे जुळत नाही, तिची छपाई किंवा मधली कील सरकलेली आहे असे समजून ती परत करावी.

तरीही छापील बाण हा या चकतीचा खरा गुण नव्हे. बाणांनी एका वेळी एकच उत्तर मिळते, आणि तेवढे तर फोनही देतो. खरा गुण असा की दोन आकडे एकदा समोरासमोर लावले की त्याच गुणोत्तरातल्या सगळ्या जोड्या संपूर्ण परिघावर एकदम जुळून बसतात. आतला २७ बाहेरच्या ५०खाली लावावा. २७ नॉट म्हणजे ताशी ५०.००४ किलोमीटर, त्यामुळे ही मांडणी जवळपास अचूक आहे. आता चकतीला हात न लावता आत नॉट आणि बाहेर ताशी किलोमीटर वाचत जावे : १३.५ला २५, ४०.५ला ७५, ५४ला १००. सेकंदाला मीटर हवे असतील तर आतला १८ बाहेरच्या ३५खाली लावावा. इथे आत सेकंदाला मीटर आणि बाहेर नॉट असतात, आणि या गुणोत्तरातली चूक दहा हजारांत तीन इतकीच, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या फरकाच्या पुष्कळ खाली आहे. १० मीटरसमोर १९.४ नॉट, १५समोर २९.२, २५समोर ४८.६. या दोन जोड्या लक्षात राहिल्या की छापील बाणांची गरज फारशी उरत नाही, आणि ज्या साध्या चक्राकार स्लाइड रूलवर असे बाण नसतात तीही या कामाला तितकीच उपयोगी पडते. ताशी किलोमीटरवरून सेकंदाला मीटर काढायचे असल्यास १० आणि ३६ची जोडी लावावी. ती तर काटेकोर बरोबरच आहे.

परिघभर पसरलेल्या या तक्त्याचा फायदा मला सर्वाधिक जाणवतो तो वाऱ्याच्या श्रेणी तपासताना. वाऱ्याच्या जोराला क्रमांक देणाऱ्या ब्यूफोर्ट मापनश्रेणीत आठव्या क्रमांकाचा वारा ३४ ते ४० नॉट असतो आणि त्याच ओळीत ताशी ६२ ते ७४ किलोमीटर असे लिहिलेले असते. फोनमध्ये ३४ नॉट घातले तर उत्तर ६२.९६८ येते, म्हणजे ६३. मग तक्त्यात ६२ का, असा संभ्रम वाचणाऱ्याला पडतो आणि तक्ता चुकला असे वाटू लागते. चकतीवर २७ आणि ५०ची जोडी लावून त्या भागाकडे पाहिले की कारण समोर दिसते. आतल्या ३३समोर बाहेर ६१ आणि ३४समोर ६३ येते, तर ६२ची रेघ ३३ आणि ३४ यांच्या बरोबर मध्ये पडते. म्हणजे श्रेणीची खरी सीमा साडेतेहतीस नॉटपाशी आहे, आणि पूर्णांकात लिहिताना नॉटच्या स्तंभात ती ३४ला, किलोमीटरच्या स्तंभात ६२ला आणि सेकंदाला मीटरच्या स्तंभात १७.२ला जाऊन बसली आहे. बाराव्या क्रमांकाचेही तसेच : ६४ नॉट म्हणजे ११८.५ किलोमीटर, पण सीमा साडेत्रेसष्टपाशी असल्याने तक्त्यात ११८ आणि ३२.७ मीटर हे आकडे येतात. एकेक आकडा टंकून एकेक उत्तर मिळवणाऱ्याला ही शेजारच्या आकड्यांची संगती दिसणे अवघड आहे. चकती ती आपसूक दाखवते, आणि माझ्या दृष्टीने हेच तिचे सर्वांत मोठे मोल आहे.

अचूकतेबाबत तक्रार करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की चकती तीन अंक देते आणि या विषयात बहुतेक वेळा तीन अंकांपेक्षा जास्त माहिती मुळात नसतेच. विमानतळाच्या हवामान संदेशात वारा पूर्ण आकड्यांत येतो. बहुतेक देशांत नॉटमध्ये, रशिया आणि चीनमध्ये सेकंदाला मीटरमध्ये. संदेशात ८ मीटर असे आले असता फोन १५.५५०७५६ नॉट असे उत्तर देतो. त्यातले शेवटचे पाच अंक वाऱ्याविषयी काहीही सांगत नाहीत. चकतीवर १८ आणि ३५च्या जोडीत ८समोर साडेपंधराच्या जरा पुढे नजर जाते, आणि एवढेच ज्ञान त्या संदेशातून खरोखर मिळण्याजोगे असते. मात्र जिथे वेगाला कित्येक तासांनी गुणून अंतर काढायचे आहे तिथे चकतीवर विसंबू नये. ५०० नॉटने एका तासात ९२६ किलोमीटर कापले जातात. या भागात पट्टीवरच्या रेघा इतक्या दाट असतात की एखाद-दोन किलोमीटरचा फरक वाचनातच पडतो. तिथे १.८५२ने सरळ गुणाकार करावा. जुन्या ब्रिटिश नोंदींतला ६०८० फुटांचा सागरी मैल आजच्या मैलापेक्षा सुमारे १.२ मीटरने मोठा आहे, पण हा फरक चकतीवर कधीच दिसणार नाही.

दोष सांगायचे तर पहिला दोष रचनेतलाच आहे. पट्टी लॉगॅरिदमची असल्यामुळे १० ते ११ या एका घराला जितकी जागा मिळते, जवळपास तितक्याच जागेत ९० ते १०० ही दहा घरे बसवावी लागतात, आणि मंद उजेडात तो भाग वाचणे त्रासाचे होते. दुसरे म्हणजे चकती दशांशचिन्ह देत नाही. १८५ दिसले तर ते १.८५, १८.५ की १८५ हे आपणच ठरवायचे असते. किलोमीटरचा आकडा नॉटच्या दुपटीपेक्षा थोडा कमी आणि सेकंदाला मीटरचा आकडा नॉटच्या निम्म्याहून थोडा जास्त, एवढा अंदाज मनात पक्का असला की यात चूक होत नाही. ज्याला तो अंदाज नाही त्याने आधी तो बसवावा, मग फोन वापरो की चकती. शिकाऊ माणसाला ही सक्ती हिताचीच आहे असे मला मनापासून वाटते.

साहित्याविषयी थोडेसे. पुठ्ठ्याची चकती हलकी असते, पण तिच्या कडा वापराने झिजतात आणि पहिल्यांदा बाहेरच्या आकड्यांचीच छपाई जाते. प्लास्टिकची चकती रोजच्या कामाला पुरेशी आहे, फक्त ती कडक उन्हात काचेमागे ठेवू नये, कारण वाकलेली चकती सारखी फिरत नाही आणि एका बाजूला बरोबर, दुसऱ्या बाजूला चुकीचे वाचन देते. ॲल्युमिनियमची चकती टिकाऊ असते आणि तिच्या रेघा बारीक व स्पष्ट येतात. फिरणारा भाग बोटाच्या हलक्या दाबाने सरकावा, पण लावलेली जोडी हात काढल्यावर जागची हलता कामा नये. नव्या चकतीत ही गोष्ट दुकानातच तपासता येते. खिशात मावणाऱ्या छोट्या आकाराचा मोह टाळावा, कारण व्यास निम्मा झाला की रेघांमधले अंतरही निम्मे होते आणि तिसरा अंक हातचा जातो. मोठ्या व्यासाची घेतल्यावर आतल्या २७ आणि १८ या आकड्यांवर आणि बाहेरच्या ५० आणि ३५वर पुसली न जाणाऱ्या शाईने दोन रंगांचे बारीक ठिपके द्यावेत : एक रंग किलोमीटरच्या जोडीला, दुसरा मीटरच्या.