येझदी रोडकिंगच्या इंजिनासाठी ऑटोसोल: पैसे वसूल, पण आधीची मेहनत केली तरच

सरळ सांगतो, जुन्या गाडीच्या ॲल्युमिनियम कव्हरसाठी ऑटोसोल मेटल पॉलिशएवढं भरवशाचं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. जर्मनीतल्या सोलिंगेनचं प्रॉडक्ट आहे, ७५ मिलीची ट्यूब येते, आत टूथपेस्टसारखी घट्ट पेस्ट, वास अमोनियाचा चांगलाच उग्र, त्यामुळं बंद खोलीत काम करू नका, अंगणात किंवा पडवीत बसा. आमच्या घरी येझदी रोडकिंग ही जुनी मोटारसायकल आहे आणि आम्ही राहतो रत्नागिरीत, म्हणजे खारी हवा आणि चार महिने पाऊस, इथं उघडं ॲल्युमिनियम नुसतं ठेवलं तरी त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. अशा हवेत जे पॉलिश टिकतं तेच खरं, आणि हे टिकतं.

पण रिव्ह्यू लिहायचं खरं कारण वेगळंय. बरेच जण ट्यूब आणतात, किटण बसलेल्या इंजिनावर तशीच चोळतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही. अहो, पडणारच नाही. पॉलिशचं काम एकदम शेवटचं असतं, त्याच्या आधी धुणं आणि घासणं यातच सगळा जीव जातो.

रोडकिंगचं इंजिन टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं, दोन सायलेन्सर, त्यामुळं सायलेन्सरच्या नटाजवळ जळकं ऑइल गळून काळा चिकटा जमतोच जमतो. गिअर आणि किकची दांडी एकच असल्यानं तिच्या मागच्या बेचक्यात पण मळ दाबून बसतो, आणि चेन स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या आजूबाजूला ग्रीस आणि माती मिळून जो थर होतो तो तर आधी चपट्या लाकडी पट्टीनं खरवडून काढावा लागतो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन खरवडू नका, चरे पडतात. त्यानंतर रॉकेल. रॉकेल आता मिळायची मारामार आहे, डिझेल चालतं, पेट्रोल मात्र नको, आगीची भीती. जुना दात घासायचा ब्रश, थोडा मोठा पेंटचा ब्रश, आणि अडलेल्या जागेला पितळी तारेचा ब्रश, लोखंडी तारेचा कव्हरला लावायचाच नाही. मग भांडी घासायचं साधं लिक्विड आणि पाणी. इंजिन पूर्ण गार हवं, गरम इंजिनावर गार पाणी कधीच नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट पण मी या गाडीवर मारू देत नाही, उजव्या कव्हरच्या आत डायनॅमो आणि पॉइंट, म्हणजे वीज आणि स्पार्क देणारे भाग असतात, तिथं पाणी गेलं की किक मारून मारून पाय दुखतो पण स्पार्क काही येत नाही. कार्बोरेटरच्या तोंडावर पिशवी बांधा, प्लग जागेवरच राहू दे.

आणि हो, कॉस्टिक सोडा. गॅरेजवाले अजूनही सांगतात सोड्याच्या पाण्यात बुडव, एकदम साफ. लोखंडाला ठीक आहे, ॲल्युमिनियमला सोडा खातो, फेस येतो, धातू काळा पडतो आणि वर बारीक खड्डे पडतात ते वेगळंच. बाजारातला कुठलाही डीग्रीझर, म्हणजे ग्रीस काढायचं केमिकल, घेताना मागचं लेबल वाचा, ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेलं असेल तरच घ्या.

आता पॉलिश. आधी एक टेस्ट करा, कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं कोणाचं लक्ष जात नाही तिथं, वाटाण्याएवढी पेस्ट लावून चोळा. कापड काळं झालं तर धातू उघडा आहे, बिनधास्त पुढं जा. काळं झालं नाही तर वर लॅकर (पारदर्शक वॉर्निश) किंवा कोटिंग आहे, मग आधी ते काढावं लागेल, नाहीतर नुसती ट्यूब संपेल. नव्या गाड्यांच्या कव्हरवर बहुतेक वेळा कोटिंग किंवा पेंटच असतो, त्यांच्यावर हे लावू नका.

कापड म्हणजे जुनं बनियन, त्याला तोड नाही. तळहाताएवढ्या जागेत घ्यायचं, गोल गोल चोळायचं, पेस्ट सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ कापडानं पुसायचं. इथं सगळे फसतात, कापड काळं होतंय म्हणजे अजून मळ निघतोय असं समजून तासन् तास चोळत बसतात. तो मळ नसतो, घासला जाणारा ॲल्युमिनियमच काळा दिसतो, कितीही चोळलं तरी कापड काळंच होत राहणार. कव्हरमध्ये स्वतःच्या बोटांचं प्रतिबिंब स्पष्ट दिसलं की थांबा.

चरे आणि खड्डे असतील तर नुसत्या ऑटोसोलनं ते जाणार नाहीत, ते त्याचं कामच नाही. त्यासाठी पाण्यात भिजवून वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक), ४०० पासून सुरू करा, मग ६००, ८००, १०००, १५००, २०००, आणि दरवेळी घासायची दिशा आडवी उभी बदला म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते लगेच दिसतं. एकही नंबर गाळू नका, गाळला की पॉलिशनंतर उन्हात ते ओरखडे जास्तच उठून दिसतात. कंटाळवाणं आहे, खांदे भरून येतात, पण २००० झाल्यावर पहिल्यांदा पेस्ट फिरवली की धातू जसा खुलतो ना, त्यासाठी सगळं करावंसं वाटतं.

बफिंग मशीनवाल्याकडं देऊ का असं बरेच जण विचारतात. देऊ शकता, पण समोर उभं राहा. एका मित्राचं कव्हर असंच एका दुकानातून आलं, चकचकीत होतं, पण कडा गोल झालेल्या आणि उठावाचं नाव अर्धं पुसलेलं, मला बघवलं नाही हो. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९७८ मध्ये रोडकिंग आणली आणि १९९६ मध्ये कारखान्यातलं उत्पादन थांबलं, आता ते मूळ कास्टिंग परत कोण ओतून देणारे? म्हणून मी हातानंच करतो आणि अक्षरांच्या कडेला तर कानातल्या कापसाच्या काडीवर पेस्ट घेऊन. कव्हर काढून केलं तर उत्तमच, फक्त डावं काढताना आधी गिअर ऑइल काढा आणि नवीन पॅकिंग आणून ठेवा, आणि स्क्रू जाम असतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीनं ठोकून फिरणारा स्क्रू ड्रायव्हर वापरा, साध्यानं माथी झिजतात.

फिन्स, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्या, मात्र पॉलिश करू नका, प्लीज. चकचकीत धातू उष्णता कमी फेकतो, आणि ब्लॉक तर बिडाचा आहे, त्याला चमक यायचीच नाही. ब्रशनं स्वच्छ करा, गंज काढा, उष्णता सोसणारा पेंट एकदम पातळ मारा, बस. जाड थर दिला की तो इंजिन थंड व्हायच्या आड येतो.

टिकण्याबद्दल म्हणाल तर पॉलिशनंतर साबणाच्या पाण्यानं उरलेली पेस्ट काढून, कोरडं करून वर गाडीचं साधं वॅक्स लावलं तर कोकणात पण बराच काळ चमक राहते, पावसाळ्यात अधूनमधून हात फिरवावा लागतो तेवढंच. कोणी क्लिअर लॅकर सुचवतं, मी नाही मारत, इंजिनाच्या उष्णतेनं ते पिवळं पडतं आणि मग सगळं खरवडायचं काम. घरात समई आणि तांब्यासाठी ब्रासो असतंच, पितळेला ते छानच, पण ते पातळ असल्यानं उभ्या कव्हरवर ओघळतं, पेस्ट जागेवर राहते म्हणून इंजिनाला मला पेस्टच बरी वाटते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या वासापायी. किंमत पहिल्यांदा जास्त वाटते पण वापर थोडा थोडाच असतो, एक ट्यूब खूप दिवस जाते. झाकण घट्ट लावा, उघडी राहिली तर तोंडाशी पेस्ट कडक होते. ऑनलाइन घेताना फोटोवर न जाता विकणाऱ्याचे रिव्ह्यू बघा, आणि शक्य असेल तर चांगल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन सील तपासूनच घ्या.