आतला पॅड बघितला का? १४,००० किलोमीटरनंतरचा अनुभव

पुढच्या चाकांचे नवे ब्रेक पॅड बसवून दहा महिने झाले. गाडी तेवढ्यात १४,००० किलोमीटर चालली. पॅड सिरॅमिक आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. पण आधी जुने पॅड कसे संपले ते सांगायला हवं. कोणते पॅड घ्यावेत हे ठरवायला मला एक संध्याकाळ पुरली. ते बदलायची वेळ झाली आहे हे मात्र मला वेळेवर कळलं नव्हतं, आणि त्याची बोच अजून आहे.

जुन्या पॅडकडे माझं दुर्लक्ष होतं असं नाही. गाडी धुताना मी दर वेळी अलॉयच्या फटींतून डोकावून बघायचो. चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पॅड दाबतात. त्यातला बाहेरचा चांगला जाड दिसायचा, म्हणून निर्धास्त होतो. एक दिवस उतारावर ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला. पायाखाली पेडललाही तो जाणवला. चाक उतरवलं, तर बाहेरच्या पॅडवर ५ मिलिमीटर मटेरियल शिल्लक होतं आणि आतल्या पॅडवर काहीच नव्हतं. पॅडच्या पाठीची लोखंडी प्लेट थेट डिस्कवर घासत होती. डिस्कवर नख अडकेल एवढे खोल चरे पडले होते. त्या आठवड्यात घरातली सगळी माणसं त्याच गाडीतून फिरली होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

असं का झालं? बऱ्याच गाड्यांप्रमाणे माझ्या गाडीच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात, पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग कॅलिपरच दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. या पिना मोकळ्या सरकल्या तर दोन्ही पॅड जवळपास सारखे झिजतात. माझ्या गाडीत एका पिनेचं रबर फाटून आत पाणी गेलं होतं आणि पीन गंजून अडकली होती. कॅलिपर सरकेचना, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर आला. चाकाच्या फटीतून नेमका तोच दिसत नाही.

‘पण पॅड संपत आला की आवाज येतो ना?’ हे मला तेव्हा अनेकांनी विचारलं. येतो. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. मटेरियल साधारण २-३ मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि ब्रेक बारीक आवाजात किंचाळू लागतो. माझ्या जुन्या सेटमध्ये ही जीभ प्रत्येक चाकाच्या एकाच पॅडला होती, आणि तीही बाहेरच्या. तो पॅड शाबूत असल्यामुळे ती कधी टेकलीच नाही. नवा सेट घेताना जीभ कोणत्या पॅडला आहे हे मी आधी बघितलं. आतल्या पॅडला आहे.

दुसरी खूणही हातची गेली होती. पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा ब्रेक ऑइल भरून काढतं आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. गळती नसताना पातळी उतरली, तर पहिला संशय पॅडवरच घ्यायचा. माझ्या गाडीत सर्व्हिसच्या वेळी कुणीतरी डबी वरपर्यंत भरून दिली आणि ती खूण पुसली गेली. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला, तेव्हा जास्तीचं ऑइल डबीतून वर आलं. ते आधीच काढून घ्यायला हवं होतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग खातं.

पॅड आणि डिस्क दोन्ही चाकांचे एकदमच बदलले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढू शकते. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं, फाटलेलं रबर बदललं. गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबलं. पहिल्या एकदोन दाबांना ते थेट तळाला जातं, म्हणून हे विसरून चालत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा मध्यम ब्रेक लावला आणि ब्रेक थंड व्हावेत म्हणून थोडा वेळ तशीच चालवली. पहिले ३०० किलोमीटर करकचून ब्रेक टाळला.

आता पॅडविषयी. चाकांवर काळी भुकटी फारच कमी बसते आणि आवाज जवळजवळ नाही. जुने सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅड पायाच्या पहिल्या स्पर्शाला जास्त पकडायचे. यांना किंचित जास्त दाबावं लागतं. आठवड्याभरात पाय सरावला. मी समाधानी आहे.

गाडी रात्रभर दमटपणात उभी राहिली की सकाळी पहिल्या दोनतीन ब्रेकांना खरखर ऐकू येते. तो डिस्कवरचा पातळ गंज असतो आणि लगेच घासून जातो. पेडल थरथरत असेल तर आधी डिस्क तपासायची. पण लोखंडाची खर्रर्र एकदा जरी ऐकू आली, तरी गाडी पुढे चालवू नये.

आता दर ५,००० किलोमीटरला चाक काढून दोन्ही पॅड मोजतो. मोजताना पाठीची प्लेट धरायची नाही, फक्त मटेरियल. नवा पॅड ११ मिलिमीटर होता. आतला पॅड ५,००० ला १०.१, १०,००० ला ९.२ आणि परवा १४,००० ला ८.५ भरला, बाहेरचा ८.७. दोघांत एवढाच फरक म्हणजे पिना मोकळ्या आहेत. मी ३ मिलिमीटरला बदलणार आहे. याच गतीने अजून तीसेक हजार किलोमीटर निघतील, पण घाटात किंवा गर्दीत गाडी जास्त फिरली तर हा हिशेब कोसळेल, म्हणून मोजणं थांबवणार नाही.

बॉनेटखालच्या डबीवर पॅड बदलले त्या दिवशीच्या पातळीला मी मार्करने रेघ मारून ठेवली होती. परवा ऑइल त्या रेघेच्या किंचित खाली दिसलं. त्यात काहीही भरलेलं नाही, आणि सर्व्हिसला देतानाही न विचारता भरू नका असं कागदावर लिहून देतो.