मुठीत मावणारे तीन टॉर्च : पावसाळा ते उन्हाळा, सह्याद्रीतला वापर

रात्रीच्या चालीसाठी टॉर्च घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न लुमेनचा, म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड देतो त्या मापाचा येतो. हजार घेऊ की दोन हजार? तीन टॉर्च आलटून-पालटून सगळे ऋतू वापरल्यावर माझं मत ठाम झालं आहे : खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा ही टॉर्चबद्दलची सगळ्यात कमी कामाची माहिती. वाटेवर लागतो तो शंभर-दीडशे लुमेनचा, रंग खरे दाखवणारा आणि पहाटेपर्यंत टिकणारा उजेड.

माझ्याकडचे तीन म्हणजे वुर्कोस एफसी-११, कॉन्व्हॉय एस-२ प्लस आणि सोफर्न आयएफ-२२ए. पहिले दोन १८६५० या रिचार्जेबल लिथियम सेलवर चालतात. हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, त्यामुळे टॉर्चची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि तो पँटच्या खिशात जातो. तिसऱ्यात जाडजूड २१७०० सेल आहे आणि डोकंही मोठं. तो खिशात कोंबता येतो, पण चालताना मांडीवर आपटतो. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे एफसी-११ चा कमाल उजेड १३०० लुमेन, तर आयएफ-२२ए चा २१०० लुमेन आणि झोताचा पल्ला ६९० मीटर.

या ६९० मीटरचा अर्थ आधी समजून घ्यायला हवा, कारण तो वाचून माणूस भलत्याच अपेक्षेनं टॉर्च घेतो. एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या एफएल-१ मानकानुसार पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सवर येतो ते अंतर. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका हा उजेड. तेवढ्या उजेडात समोर झाड आहे की खडक, एवढंच कळतं. अंतर एक तृतीयांश केलं की उजेड नऊपट होतो, म्हणून या टॉर्चचा खरा उपयोग मी दोनशे-सव्वादोनशे मीटरपर्यंतच धरते. तेवढंही फार आहे. कोणत्याही टॉर्चचा छापील पल्ला भागिले तीन, हा माझा हिशेब आतापर्यंत कुठे चुकलेला नाही.

लुमेनचाही असाच हिशेब आहे. ३००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या १८६५० सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास ऊर्जा असते. चांगली एलईडी आणि तिचं सर्किट मिळून वॅटमागे शंभरेक लुमेन देतात. म्हणजे सगळा मिळून अकराशे लुमेन-तासांचा साठा. तो दीडशे लुमेननं वापरला तर सात तास पुरतो. तेराशेनं वापरायचा म्हटलं तर तासभरही नाही. तेराशे मुळात टिकतही नाहीत, कारण एलईडीला दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग उष्णतेत जातो आणि एवढ्याशा ॲल्युमिनियमला ती बाहेर टाकता येत नाही. तापमान वाढलं की सर्किट आपणहून उजेड कमी करतं, आणि ते योग्यच आहे. घरी अंधाऱ्या बाथरूममध्ये टॉर्च छताकडे तोंड करून उभा ठेवायचा आणि फोनवरच्या लक्समीटर ॲपनं नोंदी घ्यायच्या, ही माझी चाचणी. फोनचा आकडा अचूक नसतो, पण त्याच जागी त्याच फोननं तुलना करायला पुरतो. एफसी-११ आणि आयएफ-२२ए, दोघंही टर्बोवरून, म्हणजे कमाल उजेडावरून, काही मिनिटांतच बरेच खाली उतरले. पंखा लावला की तेच उतरणं लांबलं. कड्यावरच्या वाऱ्यात टॉर्च घरच्यापेक्षा जास्त वेळ प्रखर का राहतो, त्याचं कारण हेच.

आता रंगाबद्दल. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि खरेदी करताना त्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. एफसी-११ मध्ये सॅमसंगची एलएच-३५१डी एलईडी आहे, तिचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर. उजेडात रंग किती खरे दिसतात ते हा आकडा शंभरपैकी सांगतो. माझ्या एस-२ प्लसमधली ४००० केल्विनची, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाची, एसएसटी-२० एलईडी त्याहून सरस, ९५ ची. आयएफ-२२ए मधली एसएफटी-४० थंड पांढरी आहे, लांब फेकण्यासाठी बनवलेली, आणि रंगांच्या बाबतीत या दोघींच्या मागे. घरात भिंतीवर हा फरक पटकन जाणवत नाही. वाळकं गवत, पाचोळा आणि खडीच्या वाटेवर मात्र तो डोळ्यांत भरतो. थंड झोतात सगळं राखाडी-पांढरं, सपाट दिसतं. पाचोळ्यातला तपकिरी आणि मातीतला तांबूस एकमेकांत मिसळतात. देवगडकडच्या कातळसड्यावर अंधार पडल्यावर चालताना हे मला पक्कं कळलं. फुरसं हा विषारी साप. फूटभर लांबीचं, जांभ्याच्या चिऱ्याशी रंगानं मिळतंजुळतं, आणि रात्रीच हिंडणारं. अशा ठिकाणी निम्मे लुमेन पण खरे रंग दाखवणारा टॉर्च मी डोळे झाकून निवडेन. पावसाळ्यात कारवीच्या फांदीवर बसलेल्या हिरव्या चापड्या सापाचंही तेच. हिरव्यातला हिरवा वेगळा दिसला तरच तो दिसतो.

धुक्यात मात्र रंग फारसा उपयोगी पडत नाही. पिवळसर उजेड धुकं भेदतो असं पुष्कळ जण सांगतात. धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांचा उजेड जवळपास सारखाच परतवतात, त्यामुळे पिवळसर उजेड डोळ्यांना सुसह्य वाटतो, इतकंच. तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर चढताना वरच्या पठारावर ढग उतरले की प्रखर टॉर्च समोर पांढरा पडदा उभा करतो. तिथे उपाय एकच : उजेड कमी करा आणि टॉर्च कमरेच्या खाली धरा, म्हणजे परतलेला उजेड डोळ्यांत थेट येत नाही. हेडलॅम्प कपाळावर, डोळ्यांच्या अगदी जवळ असतो; म्हणून धुक्यात हातातल्या टॉर्चला पर्याय नाही. एफसी-११ चं बटण दाबून धरलं की उजेड सलग कमी-जास्त होतो, ठरावीक पायऱ्यांवर अडकत नाही. ढगात हवा तेवढाच उजेड ठेवता येतो, आणि या एका सोयीसाठी मी तो पुन्हा विकत घेईन.

मग आयएफ-२२ए नेतेच कशाला? कारण जे काम तो करतो ते बाकी दोघांना जमत नाही. पठारावर वाट फुटते, पुढचा बाण कुठल्या खडकावर रंगवलाय ते दिसत नाही, तेव्हा शंभर-दीडशे मीटरवरचे खडक एकेक करून तपासता येतात. घळीच्या पलीकडे गेलेल्या मंडळींना जागा दाखवता येते. जुन्नर-अकोल्याच्या बिबट्याच्या पट्ट्यात मुक्कामाच्या घरापासून रस्त्यापर्यंत जायचं असेल तर उसाच्या कडेनं आधी लांबवर झोत फिरवून चकाकणारे डोळे शोधता येतात. तिथली शेतकरी मंडळी हे रोजच करतात. पण हा टॉर्च घेऊन चालू नका. मधला ठिपका इतका प्रखर असतो की पायाजवळचं सगळं काळं पडतं, आणि त्या ठिपक्याला सरावलेली नजर पुन्हा अंधाराला रुळायला वीस-तीस मिनिटं घेते. थांबायचं, झोत टाकायचा, बघून घ्यायचं, बंद करायचा. तो सोबत्याच्या डोळ्यांत मारणं तर गंमत म्हणूनही नको.

एस-२ प्लस तिघांत साधा. मागे खटका, आत सरळ सर्किट, चार्जिंगचं भोक नाही. ज्यांना जुलैत भिजायचंच आहे त्यांनी हा शेवटचा गुण नीट लक्षात घ्यावा. चार्जिंगची सोय अंगातच असलेल्या टॉर्चला रबरी झाकण असतं, आणि माझ्या अनुभवात पावसाळ्यात कमजोर जागा तीच. एका टॉर्चचं झाकण सैल होऊन आत ओल गेली आणि चार्जिंग बंद पडलं. सेल बाहेर काढून चार्जरवर चढवता येत होता म्हणून टॉर्च वाचला. म्हणून सेल बदलता येणारा टॉर्चच घ्यावा. पाण्यात बुडूनही टॉर्च टिकतो असं सांगणारे आयपीएक्स-८ वगैरे आकडे नव्या, स्वच्छ, घट्ट बसलेल्या रबरी कड्यांसाठी असतात. दर पावसाळ्याआधी आटे सुती कापडानं पुसून, कड्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. या कामाला दहा मिनिटंही लागत नाहीत.

बटणाच्या जागेवर आमच्या गटात कायम वाद होतो. माझी पसंती बाजूच्या बटणाला. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात लागतात, तेव्हा क्लिपनं सॅकच्या पट्ट्याला अडकवलेल्या टॉर्चचं बाजूचं बटण अंगठ्यानं सापडतं; मागचा खटका चाचपडावा लागतो. मात्र बाजूचं बटण सॅकमध्ये आपोआप दाबलं जातं, आणि टर्बोवर पेटलेला टॉर्च कपड्यांत तापत राहणं धोक्याचं आहे. सॅकमध्ये टाकण्याआधी मागचं झाकण पाव फेरा सैल करा आणि बटण दाबून टॉर्च खरंच लागत नाही याची खात्री करा. एफसी-११ च्या बुडाशी चुंबक आहे, तो शिडीच्या कठड्याला किंवा गाडीच्या बॉनेटला मस्त चिकटतो. होकायंत्र मात्र त्याच्यापासून लांब ठेवावं.

सेलबद्दल थोडं कडक बोलते. बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. या आकारात चांगल्या कंपन्यांचे सेल बहुतेक ३५०० च्या आसपासच थांबतात. खरा सेल पंचेचाळीसेक ग्रॅम भरतो. हातात घेतल्यावर पिसासारखा लागला तर तो घेऊ नका. संरक्षण सर्किट लावलेला सेल लांबीला चार-पाच मिलिमीटर जास्त असतो आणि अनेक छोट्या टॉर्चमध्ये बसतच नाही, तेव्हा मागवण्याआधी टॉर्चच्या माहितीत तेवढं पाहा. सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीही नको, प्लास्टिकच्या डबीतच. विमानानं जात असाल तर जादा सेल केबिन बॅगेतच न्यावे लागतात.

कुठे काय नेते ते सांगते. पावसाळ्यातल्या भिजऱ्या ट्रेकला एस-२ प्लस आणि डबीत एक जादा सेल. हिवाळी मुक्कामाला एफसी-११ हातात आणि आयएफ-२२ए सॅकच्या वरच्या कप्प्यात. मे-जूनमध्ये राजमाची किंवा पुरुषवाडीला काजवे बघायला एफसी-११, तोही अगदी मंद करून, जमिनीकडे वळवून, आणि झाडांजवळ पोचल्यावर पूर्ण बंद. काजवे एकमेकांना उजेडानंच शोधतात. आपला झोत त्यात पडला की त्यांचं लुकलुकणं विस्कटतं. आयएफ-२२ए तिथे नेऊच नये.

अडचणीत सापडलात तर खूण लक्षात असू द्या : मिनिटाला सहा वेळा उजेड दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा तेच. मिनिटाला तीन वेळा उजेड दिसला तर समोरून उत्तर आलं असं समजायचं. यासाठी टॉर्चमध्ये वेगळा मोड शोधत बसू नका, हातानं झाकूनही जमतं. टॉर्च मंद ठेवा, खूण करताना तेवढा वाढवा.