व्हॉलंटियरचे तास घरबसल्या: झूनिव्हर्स कितपत कामाचं?

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात हायस्कूलचा डिप्लोमा मिळवायचा तर विषयांच्या क्रेडिटांच्या जोडीला 40 तासांची समाजसेवा लागते. 1999 साली नववीत गेलेल्या तुकडीपासूनचा हा नियम कोविडात अडकला. 2020 मध्ये शाळा संपवणाऱ्यांना तो माफ झाला. पुढची दोन वर्षं अट 20 तासांवर आली आणि त्यातले 10 तास पगारी नोकरीचेही चालतील असं ठरलं. एरवी पगारी कामाचा एक मिनिटही धरत नाहीत. ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या मराठी घरांतली मुलं हे तास मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडून, वाढप करून भरायची. ते कार्यक्रमच बंद पडल्यावर बऱ्याच जणांची गाडी झूनिव्हर्स या वेबसाइटकडे वळली.

झूनिव्हर्स फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. संशोधकांकडे साठलेले फोटो, आलेख, जुनी हस्तलिखितं सामान्य माणसांकडून तपासून घ्यायची, एवढंच त्याचं काम. एकच चित्र अनेकांना दाखवून उत्तरं ताडून पाहतात, त्यामुळे एखाद्याचं चुकलं तरी बिघडत नाही. काम खरंखुरं आहे, वेळ घालवायला दिलेला खेळ नव्हे. रेनफॉल रेस्क्यू हा प्रकल्प मार्च 2020 मध्ये, ऐन लॉकडाउनात निघाला. ब्रिटनमधल्या पावसाच्या हस्तलिखित नोंदींची सुमारे 65 हजार पानं 16 हजारांवर स्वयंसेवकांनी अवघ्या 16 दिवसांत उतरवून काढली.

पण प्रकल्प निवडताना घाई नको. स्नॅपशॉट सेरेंगेटी या प्रकल्पात फोटोंतले प्राणी ओळखायचे, त्यांची संख्या लिहायची, बसलेत की चरताहेत ते नोंदवायचं. सुरुवातीला हरणांच्या जाती एकमेकींत मिसळतात. शिंगांच्या आकारावरून छाटणी करायची सोय आहे, ती वापरावी. पेंग्विन वॉचमध्ये प्रत्येक पक्ष्यावर टिचकी मारावी लागते. पिल्लं आणि मोठे वेगळे. गर्दीचा फोटो आला की बोटं दुखतात. एका बैठकीला पाऊण तास पुरे, त्यानंतर डोळे शिणतात आणि उत्तरं अंदाजपंचे होतात. जुनी अक्षरं वाचायचे प्रकल्प सगळ्यांत संथ, पण शिकायला तिथंच जास्त मिळतं. काही प्रकल्प संपलेले किंवा थांबवलेले असतात, म्हणून सुरू असलेल्यांच्याच यादीतून निवडावं.

खरी गोची पुराव्याची. लॉगिन न करताही काम करता येतं, आणि तसं केलेलं काम कुणाच्याच खात्यावर पडत नाही. महामारीत साइट किती चित्रं तपासली ते दाखवायची, पण शाळेला हवे असतात तास. तेव्हा तारीख, सुरुवात, शेवट, प्रकल्पाचं नाव आणि चित्रांची संख्या अशी वही ज्यांनी ठेवली नाही, त्यांना शेवटी आठवून आठवून आकडे भरावे लागले. आता आकडेवारीच्या पानावर तास दिसतात आणि तिथूनच प्रमाणपत्र काढता येतं. ही सुधारणा मोठी आहे. तरी वही ठेवाच. दोन्हींचा मेळ बसला की प्रश्न विचारायला जागा उरत नाही.

शाळेच्या फॉर्मवर विद्यार्थी आणि पालकांच्या सहीबरोबर काम करून घेणाऱ्याचीही सही लागते. ऑनलाइन कामात ती द्यायला समोर कुणी नसतं, आणि आईबाबांनी तिथेही सही ठोकली तर फॉर्म परत येऊ शकतो. म्हणून पहिली टिचकी मारण्याआधीच गाइडन्स काउन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाला, विचारावं: सहीच्या जागी प्रमाणपत्र चालेल का? स्कूल बोर्डाच्या मंजूर यादीत हे काम बसत नसेल तर प्रिन्सिपलची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. वर्गाच्या वेळेत केलेलं काम धरत नाहीत, जेवणाच्या सुट्टीतलं धरतात. विज्ञानाच्या तासाला गृहपाठ म्हणून केलेलं, म्हणजे क्रेडिटात मोजलेलं, इथे परत दाखवता येत नाही. खातं उघडताना 16 वर्षांखालच्या मुलांना पालकांची संमती लागते. तिथे खोटं वय टाकू नये.

पूर्ण 40 तास इथेच काढायचं मात्र आम्ही सुचवणार नाही. दहा-बारा तासांपर्यंत मजा येते, पुढे ते कारकुनी होतं. शिवाय माणसांशी संबंध येतच नाही. नववीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून तास धरले जातात, तेव्हा सुरुवात तिथून करावी आणि बाकीचे तास फूड बँकेत (गरजूंना फुकट धान्य-जेवण देणाऱ्या संस्थेत) किंवा ग्रंथालयात भरावेत. बारावीच्या मे महिन्यात 30 तास कमी पडलेल्याला झूनिव्हर्स वाचवेल, पण त्याची उत्तरं तपासणाऱ्या संशोधकांची आम्हाला दया येते.