गूगल फ्लाइट्स: शोधायला एक नंबर, बुकिंगचं मात्र आपलं आपण बघा

शाळेच्या सुट्टीच्या तारखा हातात आल्या आणि नेहमीप्रमाणे परदेशाच्या तिकिटांचे भाव बघून घाम फुटला. आम्ही चौघं, दोन्ही मुलं दोन वर्षांच्या वरची म्हणजे मांडीवर बसवून न्यायचे दिवस गेले, सगळ्यांना सीट पाहिजेच. मग रोज रात्री मुलं झोपली की मी गूगल फ्लाइट्स उघडून बसायचे.

पहिलं म्हणजे ही साइट स्वतः तिकीट विकत नाही, भाडी दाखवते आणि एअरलाइनच्या नाहीतर एखाद्या एजंटच्या साइटवर सोडते. 2011 पासून आहे, आणि स्पीड खरंच भारी. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते तारखांचं कोष्टक, जायची-यायची तारीख बदलली की भाडं कसं हलतं ते एका नजरेत दिसतं. शाळा सुटली त्याच संध्याकाळी निघायचा हट्ट सोडला, दोन दिवस थांबून आठवड्याच्या मधल्या वारी निघायचं ठरवलं तर बराच फरक पडला. एका वेळी 7 पर्यंत विमानतळ टाकता येतात, त्यामुळे शेजारच्या शहरात उतरून ट्रेनने जाणं परवडतंय का तेही कळतं.

आता फॅमिलीवाल्यांनी हे नीट वाचा. एकाच इकॉनॉमीत भाड्याचे बरेच गट असतात, आणि सगळ्यात स्वस्त गटात दोनच सीट उरल्या असतील आणि तुम्ही चौघांचं एकदम शोधलंत तर बहुतेक वेळा चौघांनाही वरच्या गटाचं भाडं लागतं! म्हणून आधी एकाचं शोधा, मग दोघांचं, मग चौघांचं, आणि माणशी भाडं वाढलं तर दोन-दोन करून बुक करा, प्रत्येक तिकिटावर एक मोठा एक लहान असे. पीएनआर म्हणजे बुकिंग नंबर दोन होतात हे लक्षात ठेवा, फ्लाइट बदलली तर दोघं एकीकडे दोघं दुसरीकडे असं होऊ शकतं, म्हणून एअरलाइनला फोन करून दोन्ही एकमेकांना जोडायला सांगायचं.

यादीत सगळ्यात वर स्वस्तात दिसतं त्यावर लगेच उडी मारू नका. गेल्या सुट्टीत मी मारली होती, कधी नाव न ऐकलेला एजंट, बॅगेचे पैसे वेगळे, सीटचे वेगळे, त्यात फ्लाइटची वेळ बदलली तर एअरलाइन म्हणे एजंटशी बोला आणि एजंटकडे बोलायला माणूसच नाही, नुसता चॅटबॉट. यंदा थोडे जास्त गेले तरी थेट एअरलाइनकडून घेतलं.

सेल्फ ट्रान्सफर लिहिलेलं असेल तर मुलं बरोबर असताना मी तरी नाहीच म्हणेन. दोन वेगळी तिकिटं असतात ती, मधे बॅगा घेऊन परत चेक-इन, त्यासाठी कधीकधी त्या देशाचा व्हिसाही लागतो, आणि पहिलं विमान लेट झालं की दुसरं गेलं ते गेलंच, त्याचे पैसे सहसा कोणी देत नाही.

सारखं शोधलं की भाडं वाढतं असं म्हणतात, म्हणून इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खाजगी विंडो) शोधून बघितलं, मला तरी काहीही फरक दिसला नाही. प्राइस ट्रॅकिंग मात्र लावाच, भाडं हललं की मेल येतो. फक्त बुकिंग झालं की लगेच बंद करा, मी विसरले आणि चौथ्या दिवशी भाडं उतरल्याचा मेल आला, तो नेमका नवऱ्याने वाचला.