बोन्साय स्टार्टर किट, आठ महिन्यांनंतर (आणि ती तार)

किटमध्ये काय काय येतं ते लिस्टिंगवर आहेच, परत टाईप करत नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गेलो होतो, बोन्सायच्या टेबलासमोरून हलेचना, आणि फेब्रुवारीत १,८४९ रुपये भरून मोकळा झालो. माझं झाड नांद्रुकाचं, म्हणजे वडाच्याच कुळातलं. मला बोलायचंय ते फक्त तारेबद्दल, खोडाला आणि फांद्यांना वळण द्यायला गुंडाळतात त्या ॲल्युमिनियमच्या.

तीन रिळं येतात, १, १.५ आणि २.५ एमएम. प्रत्येकावर '५ मीटर' छापलंय. जून संपत आला तेव्हा खोड वळवायचं ठरवलं, तार जरा सरळ करावी म्हणून जाड रीळ हॉलमध्ये अंथरलं आणि सहज लक्ष गेलं. आमच्या फरशा दोन बाय दोनच्या. पाच मीटर म्हणजे आठ फरशा संपून पुढे तिसरा हिस्सा जायला पाहिजे की नाही? तार सहा फरशा आणि वर एक वीत एवढ्यातच संपली. टेप लावला, ३.८ मीटर. बायको म्हणाली, "अरे जेवायला येतोयस का फरशाच मोजत बसणारेस?" पण आता पैसे दिलेत तर मोजणारच ना.

कस्टमर केअरला मेल टाकला. उत्तर आलं, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. फेब्रुवारीत उघडलेल्या खोक्याचा व्हिडिओ जूनमध्ये कुठून आणू? मग फोटो, मग टेपसकट फोटो, मग फरशीसकट फोटो. अकरा मेल झाले. शेवटी चाळीस रुपयांचं कूपन पाठवलं. सव्वा मीटर तारेची किंमत फारतर वीस-पंचवीस असेल, म्हणजे फायद्यातच राहिलो म्हणा, पण पाच म्हणजे पाच.

आता इथे मला थोडं मागे यावं लागतंय. ऑगस्टमध्ये उरलेली रिळं सहज किचनच्या वजनकाट्यावर ठेवली, तर न वापरलेलं १.५ चं रीळ बरोब्बर ५० ग्रॅम. १ एमएमचं पण ५०. मग डोक्यात ट्यूब पेटली, हे लोक मीटरने भरतच नाहीत, वजनाने भरतात! ॲल्युमिनियमची घनता २.७ धरून हिशोब केला, तर २.५ एमएमची ३.८ मीटर तार ५० ग्रॅमच भरते. आणि १.५ चं रीळ अंथरलं तर साडेदहा मीटर निघालं, छापल्याच्या दुप्पट. बारीक तार तर वीस मीटरच्या वर आहे. हे आधी कळलं असतं तर भांडलो असतो का? असतो. कारण लागते ती जाडच.

नवीन असाल तर सांगतो, ज्या फांदीला वळवायचंय तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश तार लागते. माझं खोड आठ एमएमचं, म्हणजे २.५ वालीच हवी. बारीक तार गुंडाळली तर खोड आपलं वाकवलं तरी सोडलं की परत सरळ. कमी पडली तिथे मी हे वजन केल्यावर १.५ च्या दोन तारा शेजारी शेजारी लावल्या आणि चाललं, हा कुठल्याही माहितीपत्रकात नसलेला शोध मला कंजुषीने लागला (नंतर कळलं की सगळेच करतात). तारेचं एक टोक मातीत खोल खोचायचं, पंचेचाळीस अंशात वेढे घ्यायचे, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला वेढा येईल असं बघायचं, नाहीतर तिथे साल तडकते. मला नागमोडी खोड हवं होतं, जपानीत मोयोगी म्हणतात ते. फांद्या वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या ठेवल्या, आतल्या कापल्या. नांद्रुकाचा पांढरा चीक एवढा गळतो की टी-शर्ट गेला. पाण्याचा फवारा मारला की थांबतो, आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईने बघून विचारलं, "ह्याला प्लास्टर का घातलंयस रे?"

आणि मग पाऊस. पावसाळ्यात नांद्रूक नुसतं फोफावतं, पाच-सहा आठवड्यांत तार रुतायला लागते, दर आठवड्याला बघायला पाहिजे होतं. मी मेलामेली खेळत बसलेलो. गणपतीची आरास करायला बाल्कनी आवरली तेव्हा दिसलं, खोडावर तार अशी रुतलेली जशी घट्ट राखी मनगटावर. आता तार काढायची पद्धत अशी की प्रत्येक वेढा कटरने तोडायचा आणि तुकडे उचलायचे. पण तोडली तर तार वाया! तीच तार, जिच्यासाठी अकरा मेल केले! म्हणून मी उलटे वेढे सोडवत बसलो, आणि खालून पहिली फांदी, सगळ्यात चांगली, कट्. चूक तारेची नाही, माझी, मान्य आहे. तरी पाच मीटर दिली असती तर एवढा जीव लावला नसता, हेही लिहून ठेवतो.

पण नांद्रूक लेकाचं दिलदार झाड आहे. तुटल्या जागेखाली तीन आठवड्यांत दोन डोळे फुटले, त्यातला एक मला हवा त्याच बाजूला. तेव्हापासून तार बंद. फांदी खाली आणायची तर सुतळीने कुंडीच्या काठाला ओढून बांधतो, बाकी वाढू द्यायचं आणि हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर कापायचं, चीनमधल्या लिंगनानकडचे लोक हेच करतात. वळ अजून आहेत खोडावर.

बाकी पटकन: कात्री उत्तम, धार अजून आहे. मातीत कोकोपीट फार, पावसात चिखल झाला, विटांचे तुकडे आणि जाड वाळू घालून मी बदलली. ट्रे दिसायला छान पण कोवळं झाड त्यात घालू नका, खोड जाड होतच नाही. माझं आता दहा इंची कुंडीत आहे आणि ट्रेमध्ये बायकोने किल्ल्या ठेवल्यात.

तीन स्टार. कूपन वापरायला गेलो, मिनिमम ऑर्डर ४९९.